ॲपवर दिसणारे ५८ हजार, घरी जाणारे १६

‘ओला-उबरवाले महिन्याला साठ हजार कमावतात. आमच्या इंजिनिअर पोराला एवढा पगार नाही.’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतं आणि शिकलेसवरलेले लोकही ते बिनदिक्कत पुढे ढकलतात. पुरावा विचारला की उत्तर ठरलेलं: ‘मी स्वतः ड्रायव्हरला विचारलं. त्याने मोबाइल काढून दाखवलं.’

त्याने दाखवलं ते खरंच असतं. आठवड्याला १३-१४ हजार रुपये ॲपवर दिसतात, त्याला चारने गुणलं की पन्नास-साठ हजारांच्या घरात जाता येतं. चूक दाखवणाऱ्याची नाही, वाचणाऱ्याची आहे. तो आकडा गाडीचा गल्ला आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दिवसभराच्या गल्ल्याला त्याचा नफा कुणी म्हणत नाही, कारण माल विकत घ्यावा लागतो हे सगळ्यांना कळतं. टॅक्सीचालकाचा ‘माल’ म्हणजे गॅस, टायर, विमा, कर्जाचा हप्ता आणि झिजत जाणारी गाडी. हा माल प्रवाशाला दिसत नाही, म्हणून तो फुकट आहे असं समजलं जातं.

तेव्हा एकदा हिशोब मांडूच. हा नमुन्याचा हिशोब आहे; गृहीतकं उघड ठेवतो, म्हणजे कुणालाही आपल्या माहितीचे आकडे घालून तो तपासता येईल. मुंबई उपनगरातला चालक, स्वतःची सीएनजी गाडी, कर्जावर घेतलेली. रोज १२ तास, महिन्याला २६ दिवस. दिवसाला गाडी १८० किलोमीटर धावते, त्यातले १२० किलोमीटर प्रवासी बसलेला असतो.

प्रवाशांनी दिवसभरात मिळून ३,००० रुपये मोजले असं धरू. कंपनीचं कमिशन आणि इतर कपात मिळून २५ टक्के गेले की चालकाच्या खात्यात २,२५० येतात. महिन्याचे झाले ५८,५००. हाच तो पंगतीतला आकडा, आणि इथून पुढचं गणित पंगतीत कुणी करत नाही.

आधी गॅस. कंपनीच्या जाहिरातीत वॅगनआर सीएनजीचं मायलेज किलोला ३४ किलोमीटर असतं, पण ते चाचणीतलं. एसी चालू ठेवून घाटकोपर-अंधेरीच्या गर्दीत रांगणारी गाडी किलोला २० किलोमीटर धावली तरी पुष्कळ. १८० किलोमीटरला ९ किलो, ८० रुपये दराने ७२० रुपये रोज. उरले १,५३०, महिन्याचे ३९,७८०.

आता गाडी. रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख, त्यातले दीड लाख डाऊन पेमेंट, साडेसहा लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण १४,१०० रुपये. पिवळ्या पाटीच्या गाडीचा विमा घरच्या गाडीपेक्षा महाग असतो. वर्षाला ३० हजार धरले तरी महिन्याला २,५०० झाले. गाडी महिन्याला ४,७०० किलोमीटर धावते. घरगुती गाडी सहा-सात महिन्यांत धावते तेवढं हे अंतर आहे. सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, क्लच मिळून किलोमीटरला एक रुपया, म्हणजे ४,७००. पासिंग, परमिट, कर, मोबाइल, पार्किंग, धुलाई आणि एखादा दंड मिळून २,५००. बेरीज २३,८००.

३९,७८० वजा २३,८००. उरतात १५,९८०.

रोज बारा असे महिन्याचे ३१२ तास भरून सोळा हजार. तासाला ५१ रुपये. यात त्याचा बाहेरचा चहा-वडापाव धरलेला नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. ज्या इंजिनिअर पोराशी तुलना चालली आहे, त्याला कंपनी संगणक विकत घ्यायला लावत नाही आणि कार्यालयाच्या विजेचं बिलही त्याच्या पगारातून कापत नाही.

‘हे सगळं कागदावरचं झालं,’ असं कुणी म्हणेल. मग प्रत्यक्ष पाहणी बघा. २०२४ मध्ये ‘पैगाम’ या संस्थेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि ॲपवर काम करणाऱ्यांच्या ‘आयफॅट’ या महासंघाबरोबर मुंबईसह आठ शहरांतल्या १० हजारांहून अधिक चालकांशी आणि डिलिव्हरी कामगारांशी बोलून अहवाल काढला. सगळे खर्च वजा जाता दिवसाला ५०० रुपयांहून, म्हणजे महिन्याला १५ हजारांहून कमी उरतात, असं सांगणारे टॅक्सीचालक ४३ टक्के होते. ८३ टक्के चालक दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त काम करतात आणि जवळपास एक तृतीयांश चौदा तासांपेक्षाही जास्त. कामगार महासंघ यात सहभागी होता, हे लक्षात ठेवूनच हा अहवाल वाचावा. पण पाच हजारांवर टॅक्सीचालकांच्या पाहणीतून असे आकडे निघतात, तेव्हा त्यांना खोटं ठरवण्यासाठी ‘मला एका ड्रायव्हरने सांगितलं’ पुरेसं नाही.

सगळा गोंधळ ‘किलोमीटरला किती’ या प्रश्नाभोवती आहे. प्रवासी म्हणतो, मी २५ रुपये किलोमीटरने पैसे दिले. चालक म्हणतो, मला १२ सुटतात. दोघांना वाटतं समोरचा खोटं बोलतोय. वरच्याच हिशोबात बघा: प्रवाशाने १२० किलोमीटरचे ३,००० मोजले, म्हणजे २५ चा दर बरोबर. चालकाला मिळाले २,२५०, आणि गाडी धावली १८०, म्हणजे साडेबारा रुपये. गॅस वजा केला की साडेआठ. जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या ॲप-टॅक्सीचालकांनी संप केला, तेव्हा किलोमीटरला ८ ते १२ रुपयेच हातात पडतात अशी त्यांची तक्रार होती. ती ऐकून ‘काहीतरीच’ म्हणणाऱ्यांनी हा भागाकार करून बघायला हवा होता. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला फेब्रुवारी २०२५ पासून किलोमीटरला २०.६६ रुपयांचा सरकारी दर आहे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲप-टॅक्सीसाठी २२.७२ रुपये ठरवले गेले. पण दर ठरतो तो प्रवासी बसलेल्या किलोमीटरचा. रिकाम्या फेऱ्याचा गॅस कुणी देत नाही.

भाडं रद्द करणाऱ्या चालकावर आपण सगळेच चिडतो, आणि उन्हात उभं राहून वाट पाहिली असेल तर चिडणं रास्तही आहे. पण तीन किलोमीटर रिकामं येऊन दोन किलोमीटरचं भाडं मारलं की चालकाच्या हातात गॅसचे पैसे आणि वर चहापुरतं काही उरतं; मध्ये वाहतूक तुंबली तर तेही नाही. केंद्र सरकारला हे मान्य आहे. जुलै २०२५ च्या ॲग्रिगेटर मार्गदर्शक तत्त्वांत किमान तीन किलोमीटरचं मूळ भाडं आकारण्याची तरतूद केली, ती या रिकाम्या अंतराची भरपाई म्हणूनच. त्याच नियमांत कारण नसताना भाडं रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त शंभर रुपये दंडही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

‘इतकं वाईट असेल तर सोडून का देत नाहीत?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो विचारणाऱ्याने कर्ज कधी पाहिलेलंच नसतं असं नाही. घराच्या हप्त्याची धास्ती त्यालाही असते. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता आणि विमा मिळून रोजचे साडेपाचशे रुपये लागतातच. ‘मर्जीचा मालक, हवं तेव्हा ऑनलाइन, हवं तेव्हा ऑफलाइन’ ही कल्पनाही इथेच कोसळते. वरच्या हिशोबात गॅस जाऊन तासाला सव्वाशे रुपये उरतात आणि गाडीचा रोजचा खर्च नऊशेच्या वर आहे. म्हणजे पहिले सात तास तो गाडीसाठी चालवतो, घरासाठी चालवतो ते नंतरचे पाच. आठ तासांत घरी जायचं ठरवलं तर दिवसाचे शंभर-दीडशे रुपये उरतील. बारा-चौदा तासांच्या पाळीमागे हावरटपणा नाही, हे गणित आहे. थकलेला चालक प्रवाशालाही धोक्याचा असतो, म्हणून केंद्राच्या २०२० च्या नियमांनी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली होती. भाड्याचं गणित न बदलता तासांची मर्यादा घातली की ती पाळली जात नाही.

साठ हजारांची ही दंतकथा मुळात आली कुठून? तिच्यात एकेकाळी तथ्य होतं. उबर २०१३ मध्ये भारतात आली, ओला २०१० पासून होती, आणि पुढची दोन-तीन वर्षं दोघींनी गुंतवणूकदारांचा पैसा ओतून चालकांना घसघशीत इन्सेंटिव्ह दिले. त्या दिवसांत खर्च जाऊनही चांगले पैसे उरत. ते पाहून अनेकांनी नोकऱ्या सोडल्या, गावाकडची जमीन किंवा दागिने गहाण टाकून गाड्या घेतल्या. मग गाड्या वाढल्या, इन्सेंटिव्ह आटले, हप्ते तेवढेच राहिले. मुंबईत ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेला आणि दिवाळीच्या तोंडापर्यंत चाललेला संप या घसरणीतून आला होता. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आजही आजचा म्हणून सांगितला जातो, आणि तो ऐकून आजही कुणीतरी कर्ज काढतो. म्हणून हा गैरसमज निरुपद्रवी नाही.

फुगवलेले आकडे केवळ गप्पांतून पसरत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये चालक वर्षाला ९० हजार डॉलरहून अधिक कमावतात, असा दावा उबरने केला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपासलं तर मध्यक कमाई ६१ हजार निघाली, आणि तीही गाडीचे खर्च वजा करण्याआधीची. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने दोन कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. उलट बाजूनेही चूक होते, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये एमआयटीच्या एका अभ्यासाने अमेरिकी चालकांची निव्वळ कमाई तासाला ३.३७ डॉलर सांगितली, जगभर बातम्या झाल्या. उबरच्या मुख्य अर्थतज्ज्ञाने पाहणीतल्या एका प्रश्नाचा अर्थ चुकीचा लावल्याचं दाखवून दिलं, तेव्हा अभ्यासकाने आकडा सुधारून साडेआठ ते दहा डॉलरवर आणला. निव्वळ कमाई काढणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, मग ती मोबाइलच्या पडद्यावर एका नजरेत कळत नाही हे मान्य करायला काय हरकत आहे?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘पाच वर्षांनी हप्ता संपला की सगळा फायदाच.’ तोवर गाडी २ लाख ८० हजार किलोमीटर धावलेली असते. पुढच्या गाडीसाठी पैसे बाजूला टाकावे लागतात. ते न टाकणारा फायद्यात दिसतो, असतो असं नाही.

‘कंपनी फक्त २० टक्के घेते.’ कागदोपत्री तसं असेल. वर उल्लेख केलेल्या पाहणीत ३५ टक्के चालकांनी कपात ३१ ते ४० टक्के असल्याचं सांगितलं.

‘आता तर शून्य कमिशन आहे.’ काही कंपन्यांनी ते आणलं, पण त्याऐवजी रोजचं शुल्क आहे. ओलाने जून २०२५ मध्ये ते ६७ रुपयांपासून सुरू केलं. टक्केवारीपेक्षा हे बरं, यात शंका नाही. पण गॅस आणि हप्ता यामुळे एक पैशाने कमी होत नाही.

‘हे लोक टॅक्स बुडवतात.’ वर्षाला दोन लाखांपेक्षा कमी निव्वळ उत्पन्नावर जुन्या करप्रणालीतही आयकर लागत नाही. ॲपच्या भाड्यावरचा पाच टक्के जीएसटी प्रवाशाकडून वसूल होतो.

‘मुंबईत एक रिक्षावाला महिन्याला आठ लाख कमावतो.’ जून २०२५ मधली ती व्हायरल पोस्ट अमेरिकी वाणिज्य दूतावासाबाहेर व्हिसासाठी आलेल्यांच्या पिशव्या सांभाळण्याबद्दल होती. पोलिसांनी ते बंद केलं. रिक्षा चालवण्याच्या कमाईशी तिचा काही संबंध नव्हता.

‘कंपनी विमा आणि पीएफ देते.’ चालक कर्मचारी मानला जात नाही, म्हणून पीएफ नाही. पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा केंद्राच्या नियमांत आहे. आपल्याला तो लागू आहे का, हे प्रत्येक चालकाने कंपनीकडून लेखी मागून घ्यावं.

स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के मिळाले पाहिजेत, असं केंद्राच्या नियमांत आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या महाराष्ट्राच्या धोरणातही आहे. प्रवाशाने किती दिले आणि चालकाला किती पोहोचले, ही प्रत्येक फेरीची नोंद कंपन्यांकडे असते. परिवहन विभागाने ती मागवावी, शहरवार सरासरी दर महिन्याला जाहीर करावी, आणि ज्या कंपनीचा आकडा ८० च्या खाली असेल तिचा परवाना रोखावा.