आधी एसएमपीएस बघा, मग ग्राफिक्स कार्ड घ्या

गेल्या मे महिन्यात आम्ही फोंडाघाटला चुलत भावाकडे चार दिवस राहून आलो. भाऊ चिरेखाणीवर कामाला असतो, वहिनी घर सांभाळून मजुरीला जाते. जयभीम, चहापाणी झाल्यावर पुतणीने आम्हाला माजघरात नेले. टेबलावर कॉम्प्युटर होता. एका बाजूचे झाकण काढलेले, आत एक भलेमोठे ग्राफिक्स कार्ड बसवलेले आणि शेजारी जळका वास येणारी एक पत्र्याची पेटी. "काका, साडेसात हजार गेले," एवढेच ती म्हणाली.

साडेसात हजार ही रक्कम अशा घरात काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिची चूक आळसाची नव्हती, माहिती न मिळाल्याची होती. तशी वेळ दुसऱ्या कोणा घरावर येऊ नये म्हणून तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

पुतणीने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. कणकवलीचे एक इंजिनियर तिला घरांचे नकाशे देतात, ती त्यावरून बांधून झालेले घर कसे दिसेल त्याचे चित्र तयार करून देते. त्यासाठी ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम वापरते. तो फुकट मिळतो, ही त्यातली मोठी सोय. पण नकाशाचे अंतिम चित्र उमटवायला, म्हणजे रेंडर करायला, साध्या कॉम्प्युटरला एकेका चित्रामागे रात्र जाते. ग्राफिक्स कार्ड असेल तर तेच काम कितीतरी लवकर होते. इंजिनियरांनी सांगितले होते, जूनअखेर बारा चित्रे वेळेत दिलीस तर पुढे दर महिन्याला काम देईन.

कॉम्प्युटर मुंबईहून तिच्या मामाने आणला. लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेली मशिने साफसूफ करून विकतात, त्यातलेच एक. कोकण रेल्वेने गोधडीत गुंडाळून कणकवलीला उतरवले. अशी मशिने वाईट नसतात, उलट घरच्या वापराला पुष्कळदा चांगलीच निघतात. (एक सांगून ठेवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीची मशिने बाजारात स्वस्त झाली आहेत. घेताना पिढी विचारून घ्यावी.)

पण ऑफिसचे मशिन ऑफिसच्या कामापुरतेच बांधलेले असते. पत्रे टाईप करायला आणि हिशेब ठेवायला जेवढी वीज लागते, त्याच मापाचा एसएमपीएस कंपनी आत घालते. एसएमपीएस म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन मशिनला चालेल अशी १२ व्होल्टची वीज करून देणारी पेटी. पुतणीच्या मशिनमधली मूळ पेटी २९० वॅटची होती. तिने साडेसहा हजारांना जुने जीटीएक्स १०६० कार्ड घेतले. ते एकटेच १२० वॅट खाते आणि त्याला एसएमपीएसमधून सहा पिनांची वेगळी वायर लागते. मूळ पेटीत ती वायरच नव्हती. दुकानदाराने जोडवायर लावून दिली. मशिन सुरू झाले, चित्र दिसले, सगळे खूष. रेंडर लावले की मात्र पाच मिनिटांत फट्कन बंद!

आता हिशेब बघा. तिचा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड १२०, मदरबोर्ड, डिस्क, पंखे वगैरे मिळून धरा ५०. झाले २५४. कागदावर २९० च्या आत बसते, पण कार्ड एका वेगाने वीज ओढत नाही. क्षणभर झेप घेते, आणि त्या झेपेला पेटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. यात पेटीचा दोष नाही. तिने आपले काम केले.

दुकानदाराने उपाय सांगितला तो याहून वाईट. साडेसातशे रुपयांत "५०० वॅट" असे ठळक लिहिलेली नवी पेटी. तिचा मोठा प्लग २४ पिनांचा, मदरबोर्डावर जागा त्याहून लहान, म्हणून अडीचशेचा कनव्हर्टर. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मोठा आवाज झाला आणि घरातली लाईट गेली. ते दुकान कोणते हे आम्ही लिहिणार नाही. तोही माणूस पोटासाठीच बसला आहे, आणि असा माल बऱ्याच ठिकाणी विकला जातो.

आम्ही ती जळकी पेटी हातात घेऊन बाजूचे लेबल पुतणीला वाचायला लावले. वर ५०० वॅट, पण खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही वीज घेतात ती या १२ व्होल्टच्या लाईनमधून. त्या दोघांचीच गरज २०४. म्हणजे मूळ २९० ची पेटी काढून तिच्याहून दुबळी पेटी पैसे देऊन बसवली होती. मोठा आकडा वाचू नका, बारीक आकडा वाचा आणि स्वतः गुणाकार करा. पाचवीतले पोरही हा गुणाकार करील.

प्लगचेही एक सांगायला हवे. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या बऱ्याच ऑफिस मशिनांत नेहमीच्या २४ पिनांच्या जागी सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचा प्लग असतो. कनव्हर्टर मिळतात, पण ते नेमक्या मॉडेलचेच हवेत. एकाचा दुसऱ्याला लावला तर मदरबोर्ड जाऊ शकतो. शिवाय बारक्या कॅबिनेटमध्ये बाजारातली पेटी मावतच नाही, पूर्ण उंचीचे कार्डही उभे राहत नाही. तेव्हा घरून निघतानाच पट्टीने माप घ्यावे, प्लगचा फोटो काढावा, मग दुकानात जावे.

आता खरी धास्ती होती मदरबोर्डची. पेटी फुटताना तो गेला असेल तर मशिनच गेले. मूळ पेटी कुठे आहे विचारले, तर वहिनी म्हणाली, "जुना टाकूचा नाय म्हणान कणगीमागे ठेवलंय." तिचे हे टाकू न देणे त्या दिवशी साडेसात हजारांहून मोठे ठरले. पीन काढली. मशिनचे बटण दोनदा दाबून आत उरलेली वीज जाऊ दिली. मूळ पेटी चार स्क्रूंनी बसवली, कार्ड काढून ठेवले, मॉनिटरची वायर मागच्या जुन्या जागी लावली. पुतणीने बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला. वहिनी दारातच खाली बसली.

(पेटीचे स्वतःचे झाकण मात्र कोणी कधीही उघडू नये. आत तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात, पीन काढल्यावरही काही वेळ राहतात.)

त्यानंतर एक गोष्ट निघाली, ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वहिनी सहज म्हणाली, "भावोजी, ह्या पेटीक हात लावलो की झिणझिणता." एसएमपीएसमध्ये गडबड गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांची वायर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असते. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर थांबते आणि हाताला झिणझिण्या देते. तीन पिनांचा बोर्ड होता, पण तिसऱ्या भोकाला आत वायरच नव्हती! आपल्या कितीतरी घरांत असेच आहे. वायरमनला बोलावले. परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग करून घेतले. जांभ्याच्या जमिनीत पाणी झपाट्याने निचरते, म्हणून उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचे, हे काम भावाने आपल्याकडे घेतले.

राहिला प्रश्न कार्डाचा. दोन वाटा होत्या. एक, १०६० ठेवायचे आणि नामांकित कंपनीचा, १२ व्होल्टवर पुरेशी ताकद असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस, तिच्या मॉडेलचा कनव्हर्टर आणि मोठा यूपीएसही घ्यायचा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि कार्ड कामाला लागले की बॅटरीवर फार टिकत नाही. दुसरी वाट, १०६० विकायचे आणि वेगळी वायर न लागणारे कार्ड घ्यायचे. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि तेवढ्यात चालणारी कार्डे आहेत. जीटीएक्स १०५० टीआय त्यातलेच, जीटी १०३० तर ३० वॅटवर चालते, पण ते रेंडरला फार तोकडे. पुन्हा बेरीज केली. ८४, ७५ आणि ५०, म्हणजे २०९. मूळ २९० च्या पेटीत ऐसपैस बसले. एसएमपीएस बदलायची गरजच राहिली नाही.

१०५० टीआय थोडे हळू चालते, हे खरे. चित्राला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागेल. पण बारा चित्रांना ते पुरते, आणि ज्या घरात लाईट येते-जाते तिथे कमी खाणारे यंत्रच बरे, असे आमचे मत झाले. पुतणीला ते लगेच पटले नाही. मोठे कार्ड हातचे सोडायला तिचा जीव होत नव्हता.

जुने कार्ड घेताना सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली. शिवाय भलत्याच जुन्या कार्डात फेरफार करून त्याला १०५० टीआयचे नाव देणारेही आहेत. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम दुकानातच चालवून पाहिला तर बहुतेक वेळा खोटेपणा उघडा पडतो.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी कुडाळचा एक मुलगा १०६० बघायला आला. पाच हजार आठशेला सौदा झाला. त्यात १०५० टीआय येऊन हजारभर उरले. नवे कार्ड बसवताना पुतणीने मॉनिटरची वायर चुकून जुन्याच जागी ठेवली, पडदा काळा राहिला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. वायर कार्डाच्या मागे लावल्यावर चित्र आले.

जूनच्या पाचव्या दिवशी तिचा फोन आला. सात चित्रे झाली होती. दाजीपूरच्या बाजूने ढग भरून आले होते आणि मागून वहिनीचा आवाज ऐकू येत होता, "गडगडाक लागला, पयली पीन काढ गो, मगे बोल!"