दोन वेगांचा गिअरबॉक्स

कशासाठी? अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये रोबोला सुमारे १६ मीटर लांबीचं मैदान झटपट कापायचं असतं आणि वेळ आली तर प्रतिस्पर्ध्याला रेटायचंही असतं. एकाच गिअरमध्ये दोन्ही नीट साधत नाही.

आत काय? गिअरच्या दोन जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्या. शेवटच्या शाफ्टवरचे दोन्ही गिअर मोकळे फिरतात. मधला ‘डॉग’ हा दातेरी तुकडा सरकून ज्यात अडकेल, त्याचाच जोर शाफ्टला मिळतो. डॉग सरकवायला बहुधा हवेच्या दाबावर चालणारा छोटा सिलिंडर असतो.

हिशेब: या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या ‘सिम’ (CIM) मोटरचा बिनभाराचा वेग मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे, चाक ४ इंची. गुणोत्तर ६:१ असेल तर कागदावर सेकंदाला ४.७ मीटर. १५:१ असेल तर १.९ मीटर, पण जोर अडीचपट. मैदानात वेग याहून कमीच भरतो.

लो गिअर (कमी वेगाचा, जास्त जोराचा) ठरवताना: रेटारेटीत मोटर जाम होण्याआधी चाकं घसरली पाहिजेत. त्या क्षणी प्रत्येक मोटरचा करंट ४० अँपिअरच्या ब्रेकरच्या आत हवा.

परवडतं का? रोबोवर सिलिंडरला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आधीच असेल, तर जरूर. निव्वळ गिअर बदलण्यासाठी तो बसवायचा, तर वाढणारं वजन सहसा परवडत नाही.