३५ दिवसांच्या आधी

नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव-नरसी भागात एखाद्या घरचं पोरगं दारूच्या आहारी गेलं, की सल्ले द्यायला गाव पुढे येतं. कुणी म्हणतं, लग्न लावून द्या, जबाबदारी अंगावर पडली की आपोआप सुटेल. कुणी म्हणतं, पंढरीला न्या, माळ घाला. माळेनं खरोखर सुटलेली माणसं आपल्या भागात आहेत, तिच्याबद्दल मला आदरच आहे. लग्नाचा सल्ला मात्र क्रूर आहे. कुणाच्या तरी लेकीला औषध म्हणून वापरायचं आणि औषध लागू पडलं नाही की तिच्याच पायगुणाला नावं ठेवायची, असा तो सगळा प्रकार. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव फार उशिरा निघतं. तोवर शिवाराचा एखादा तुकडा गहाण पडलेला असतो. मग चारशे किलोमीटरहून अधिक लांबचा रात्रीचा प्रवास, शेजारच्या सीटवर बापाला तोंड न दाखवणारा मुलगा, आणि पहाटे येरवडा.

येरवड्याच्या मुक्तांगणात नेमकं काय होतं, हे आपल्याकडे नीट कुणाला ठाऊक नसतं. म्हणून आधी त्या संस्थेबद्दल.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांमध्ये ‘गर्द’ शिरला. ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनचा हलका, भेसळीचा प्रकार. पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि वर येणारा धूर नळीनं ओढायचा. चांगल्या घरची, कॉलेजात जाणारी मुलं यात अडकली. लेखक अनिल अवचट आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यापर्यंत हा प्रश्न ओळखीतल्याच एका घरातून आला. अवचटांनी त्या मुलांमध्ये बसून, त्यांच्याशी बोलून लेख लिहिले. ‘गर्द’ या नावानं त्यांचं पुस्तक झालं. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि उपचार केंद्र काढायला त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. पुढे येरवड्यातच संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. १९९७ साली कर्करोगानं अनिताताई गेल्या, २०२२च्या जानेवारीत बाबा, म्हणजे अनिल अवचट, गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आता काम पुढे नेते आहे.

व्यसन हा आजार आहे, ते चारित्र्यावरचा डाग नाही, या एका भूमिकेवर मुक्तांगण उभं आहे. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या घरात ते पाळून पाहा, म्हणजे किती अवघड आहे ते कळेल. इथे येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. मुक्काम ३५ दिवसांचा. पहिले काही दिवस शरीर सावरण्याचे असतात. रोज पिणाऱ्यानं दारू एकाएकी थांबवली की हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो, झोप उडते. काहींना भिंतीवर किडे दिसतात, काहींना फिट येते. हा काळ जीवावर बेतू शकतो, म्हणून तो डॉक्टरच्या नजरेखालीच जायला हवा. पोराला खोलीत कोंडून ‘आता सुटेल’ म्हणत बसणाऱ्या घरांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

शरीर जरा ताळ्यावर आलं की खरं काम सुरू होतं. सकाळची प्रार्थना, योगासनं, झाडलोट, गटात बसून बोलणं, समुपदेशकाबरोबर एकट्यानं बोलणं. वॉर्ड रुग्णमित्रच स्वच्छ ठेवतात. मारहाण नाही, बांधून ठेवणं नाही. समुपदेशकांमध्ये असे अनेक जण आहेत, जे एके काळी स्वतः याच वॉर्डात दाखल होते. मला वाटतं, संस्थेची सगळ्यात मोठी ताकद हीच. नव्यानं आलेला पोरगा थाप मारायला लागला की समोरचा त्याला खोटा ठरवत नाही, कारण तीच थाप त्यानंही कधी तरी मारलेली असते. आणि पोराला तर ते लगेच कळतं.

तिथे कुणी ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच मागतात. पुन्हा घेतली गेली, तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात. ते अपयश आहे, पण शेवट नाही, परत या. ३५ दिवस संपले की फॉलोअपच्या बैठका सुरू होतात, वर्षानुवर्षं चालतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. नवरा दाखल होतो तेव्हा बायकोचाही उपचार सुरू व्हायला हवा, हे या लोकांनी फार लवकर ओळखलं. अलीकडे मोबाइलच्या अतिवापरात अडकलेली मुलंही तिथे आणली जातात.

एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं वेगळं आहे. येरवड्याची खाट ही शेवटची पायरी आहे. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असं आढळलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठल्याही प्रकारची मदत मिळते. म्हणजे महाराष्ट्रात आणखी कितीही मुक्तांगणं काढली तरी ती पुरणार नाहीत. मग नायगावच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला त्या रात्रीच्या गाडीत बसावंच लागू नये, यासाठी आपण काय करतो?

आधी आपल्याकडचं चित्र नीट पाहू. नायगाव तालुका नांदेड-देगलूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. शेजारच्या बिलोली, धर्माबाद, देगलूर तालुक्यांची हद्द तेलंगणाला भिडते. शिंदी हे इथलं जुनं पेय, पण आजची शिंदी सगळीच झाडाची नसते. तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलम अशी झोपेची, गुंगीची औषधं मिसळली जात असल्याचं वारंवार उघड झालं आहे. २०१५ साली तिथल्या सरकारनं अशा भेसळीवर कारवाई केली. ती ताडी अचानक मिळेनाशी झाली आणि निझामाबाद, हैदराबादच्या दवाखान्यांत लोकांची रीघ लागली. कुणाला भास होत होते, कुणी असंबद्ध बोलत होतं, कुणाला फिट येत होत्या. आपण ताडी पितो असं समजणाऱ्या माणसांना आपण गोळ्यांचे गुलाम झालो आहोत, याचा पत्ताच नव्हता. निझामाबाद आपल्याला किती जवळ आहे, हे वेगळं सांगायला नको.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२पासून बंदी आहे. तरी पुडी मिळते, हे प्रत्येक आईला माहीत आहे. आणि एक नशा अशी आहे, जिच्याकडे मोठ्यांचं लक्षच जात नाही. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. कापडाचा बोळा भिजवायचा, मुठीत धरायचा, नाकाशी न्यायचा. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, जो मोठ्यांपेक्षा लहानांत जास्त आहे: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. पोराच्या बाहीला सोल्यूशनचा वास येत असेल, तोंडाभोवती पुरळ उठलं असेल, तर आधी जवळ बसवून विचारा. लगेच हात उगारू नका.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे व्याख्यान. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी शाळेत पाहुणे येतात, सडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवतात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. वर्दीतले पोलिस वर्गात जाऊन मुलांना शिकवत. तो देशभर पसरला, त्यावर अफाट पैसा गेला. पुढे संशोधकांनी तपासलं, तर मुलांच्या व्यसनावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसलाच नाही. भीती दाखवून पोरं थांबत नाहीत. या वयात भीतीचंच आकर्षण असतं.

आइसलँडनं वेगळा रस्ता धरला. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिनाभरात कधी तरी दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी काय केलं? मुलांना दरवर्षी प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं गावागावांना दाखवली. खेळ, संगीत, नाच यांच्या वर्गांसाठी पालकांच्या हाती सरकारी पैसे दिले. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहू नये, असा नियम केला. आणि आईबापांनी एकत्र बसून एकमेकांना शब्द दिला, की आपली मुलं संध्याकाळी कुठे आहेत हे आपल्याला माहीत असेल. देश श्रीमंत आहे, हे खरं. पण शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही.

प्यायला सुरुवात उशिरा होण्याला फार मोल आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे दारूवर अवलंबून झाले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. पहिला घोट चार-पाच वर्षं पुढे ढकलता आला, तरी पोराच्या आयुष्याचा नकाशा बदलतो. हा पहिला घोट बहुतेक वेळा दुकानात मिळत नाही. तो वरातीत, निवडणुकीच्या रात्री, वाढदिवसाच्या पार्टीत ‘घे ना, एकदाच’ म्हणत मित्र किंवा चुलतभाऊ देतो. म्हणून ‘नको’ कसं म्हणायचं, याचा सराव मुलांना वर्गातच द्यायला हवा. दोन मुलं समोरासमोर उभी करायची. एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं मैत्री न तोडता नकार द्यायचा. व्याख्यानापेक्षा हा अर्ध्या तासाचा सराव कितीतरी कामाचा.

कायदा आपल्याकडे पुरेसा आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक दारूसाठी २५ वर्षांची. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार अल्पवयीन मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. आता ग्रामसभेत उठून ‘मग तो पाळला का जात नाही?’ असं मोठ्यानं विचारणारी माणसं हवीत.

नायगावच्या प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि पालकाला माझी विनंती आहे. यंदा २६ जूनला पाहुणे बोलावण्याऐवजी मुलांना बोलू द्या, नावं न लिहिता चिठ्ठ्या टाकू द्या, आणि आलेल्या चिठ्ठ्या पालकसभेत वाचून दाखवा. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक बसावा, अशी मागणी लेखी द्या आणि तिचा पाठपुरावा करा. आणि घरात आजच कुणी अडकलेलं असेल, तर लग्नाची बोलणी थांबवा आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. तो फोन मोफत आहे.