वारा कुठून येतोय, आधी ते बघ!

सांबर बघितलंय का कधी? ताडोबात, किंवा निदान प्राणिसंग्रहालयात? त्याचा एक थोराड भाऊबंद उत्तर अमेरिकेत राहतो. त्याचं नाव एल्क. (काश्मीरच्या दाचीगाममधलं हंगूल तर त्याचं आणखी जवळचं नातेवाईक!) एल्कचा मोठा नर 300 किलोच्या वर भरतो, म्हणजे जवळजवळ तीन स्कूटरींइतका. त्याची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि पुन्हा नव्यानं उगवतात. उन्हाळ्यात ती दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. आज बघितलंत आणि उद्या त्याच वेळी पुन्हा बघितलंत, की शिंग बोटाच्या पेराएवढं वाढलेलं!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वत आहे. शरद ऋतूत तिथली कितीतरी कुटुंबं तंबू, भांडीकुंडी आणि जाडजूड पांघरुणं घेऊन डोंगरात मुक्कामाला जातात. आजोबा, आईबाबा, मुलं, सगळे. कशाला? एल्कच्या शिकारीला.

दचकलात ना? साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ती हवीच. तिकडची रीत वेगळी आहे. शिकारीचे नियम आणि परवाने सरकार एल्कची मोजदाद करून ठरवतं. साधारण 1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोत एल्क संपतच आले होते. मग बाहेरून एल्क आणून सोडले, कडक नियम केले. आज तिथे 2,50,000 हून जास्त एल्क आहेत. मारलेल्या एल्कचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा तिथे गुन्हा आहे. बारा वर्षांच्या मुलालाही शिकारीला जाता येतं, पण आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि सोबत मोठं माणूस लागतंच.

आता गंमत बघा. बंदुकीच्या हंगामात सगळ्यांनी भडक केशरी किंवा गुलाबी जाकीट घालायचं, असा नियम आहे. एवढा भडक रंग एल्कला दिसणार नाही का? नाही! आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, एल्कसारख्या हरणांच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे केशरी आणि हिरवा त्यांना जवळपास सारखेच वाटतात. माणसांना मात्र माणूस लांबून दिसतो, आणि चुकून गोळी लागायचा धोका कमी होतो.

कानांनाही चकवता येतं. सप्टेंबरात नर एल्क ओरडतात, तेव्हा एवढ्या धिप्पाड प्राण्याच्या गळ्यातून चक्क शिट्टी निघते. नीट ऐकलं तर त्याच वेळी खाली घोगरा आवाजही चालू असतो. एका गळ्यातून एकदम दोन आवाज! शिकारी तोंडात छोटी पट्टी धरून त्याची हुबेहूब नक्कल करतात.

पण नाक? ते फसत नाही. माणसाचा वास आला, की एल्क पसार. म्हणून तिकडची मुलं नेम धरण्याआधी वारा ओळखायला शिकतात. खिशात बारीक पावडरची छोटी बाटली असते. ती दाबली, की पांढरा भुरका हवेत तरंगतो आणि वाऱ्याची दिशा सांगतो.

डोंगरातला वारा मोठा शिस्तीचा. रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारावरून खाली घसरते. ऊन चढलं, की उतार तापतो, हवा हलकी होते आणि वर चढू लागते. म्हणून पहाटे एल्ककडे खालून चढत जायचं. वारा तोंडावर येतो, आपला वास मागे खाली वाहून जातो. पण सूर्य वर आला आणि वारा उलटला, तर? तोच वास थेट एल्कच्या नाकात! तेव्हा वारा उलटण्याआधी एल्कच्या बाजूला सरकायचं, आणि तो वर वाहू लागला, की वळसा घालून एल्कच्या वर पोचायचं. कितीतरी शिकारी रिकाम्या हातानं परततात, ते या उलटलेल्या वाऱ्यामुळेही.

तंबूची जागाही हीच हवा ठरवते. गार हवा दरीच्या तळाशी साचते, म्हणून तंबू तळापासून थोडा वर ठोकला तर रात्र जरा उबदार जाते. आणि नाकं काय एकट्या एल्कलाच असतात? तिथे अस्वलंही आहेत. म्हणून खाण्याचं सामान तंबूपासून शंभरेक मीटर दूर, अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवतात, नाहीतर झाडाला उंच टांगतात.

डोंगरातला हा वारा बघायला रॉकी पर्वतच हवा, असं नाही. थंडीतल्या एखाद्या शांत दिवशी मोठ्यांना घेऊन जवळच्या टेकडीच्या उतारावर जा. एकदा सूर्य उगवण्याआधी आणि एकदा ऊन चांगलं तापल्यावर साबणाचे फुगे सोडा. ते कुठल्या बाजूला जातात, ते वेळेसकट वहीत लिहून ठेवा.