चार गुणांचा प्रश्न आणि मळवलीचा दगड

पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबली, की एका अंगाला भाज्याची लेणी आणि दुसऱ्या अंगाला, हमरस्त्यापलीकडच्या डोंगरात, कार्ल्याची. अधेमधे भातखाचरं. लोणावळ्याच्या कॉलेजला जाणारी मावळातली कितीतरी मुलं याच गाडीने ये-जा करतात आणि त्यांच्या दप्तरात बारावीचं इंग्रजीचं पुस्तक असतं.

बारावीच्या इंग्रजी पेपरात 4 गुणांसाठी ‘अपील’ लिहायला येतं. गडावर कचरा टाकू नका, रक्तदान करा, अशा तऱ्हेचं आवाहन. तिथे नुसतं लिहून भागत नाही. चौकट आखायची, मथळा ठसठशीत काढायचा, घोषवाक्य शोधायचं आणि सगळं एका पानात नजरेला सुखावेल असं बसवायचं. त्याच पेपरात ‘एक्सपान्शन ऑफ आयडियाज’ही असतं, म्हणजे एका कल्पनेवरचा छोटा निबंध. काही वर्षांपूर्वी पर्यटनाचं लीफलेट, म्हणजे पत्रकही विचारत. हमखास गुण मिळवून देणारे प्रश्न म्हणून मुलं त्यांचा साचा पाठ करून टाकतात. मला मात्र हे प्रश्न पाहिले की थक्क व्हायला होतं. एकाच तासाला एकाच डोक्याकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो. निबंधात विचार उलगडायचा आणि आवाहनात किंवा पत्रकात तोच घडी करून मुठीत मावेल एवढा करायचा.

करून पाहण्यासारखं आहे. कार्ल्यावरचा निबंध बहुतेक वहीत ‘कार्ला इज अ व्हेरी ब्युटिफुल प्लेस’ असा सुरू होतो. पत्रकात हे वाक्य टिकत नाही, कारण रस्त्यावरून जाणारा माणूस सुंदर म्हटल्याने थांबत नाही. मग खोडाखोड सुरू होते. सुंदर म्हणजे काय? ओसरीच्या दोन्ही टोकांना दगडातून बाहेर आलेले हत्ती? आतले 37 खांब? की छताला आतून बसवलेल्या सागवानी कमानी, ज्यांनी सुमारे दोन हजार पावसाळे डोंगराच्या पोटात काढले? एकच ठेवायचं ठरलं की एखादी मुलगी शेवटचं उचलते आणि दोनच शब्द लिहिते: ‘लुक अप!’ आता वाचणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटतं. आणि गंमत अशी, की हे दोन शब्द सापडायला आधीचा पानभर निबंध लिहावाच लागला.

हीच खोडाखोड कार्ल्याच्या दगडावरही कुणीतरी केली असणार. ओसरीत ब्राह्मी लिपीत कोरलेला एक प्राकृत लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, एवढंच त्यात सांगितलं आहे. कोणी केलं, काय केलं, किती थोर आहे! छिन्नीने एकेक अक्षर कोरायचं म्हटल्यावर फाफटपसाऱ्याला जागा नव्हती. आतल्या खांबांवर तर याहून कमी शब्द आहेत: गावाचं नाव, देणाऱ्याचं नाव आणि ‘थभो दान’, म्हणजे स्तंभाचं दान. यांतले कित्येक दाते धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे आहेत आणि काही स्वतःला यवन म्हणवतात. लेण्याशेजारच्या एकविरेच्या दर्शनाला आलेली माणसं पायऱ्या चढून देवळापाशी दम खातात, तेव्हा हे सगळं मजकूर-लेखन त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर असतं.

आणि आता मळवलीचा दगड, कोरायचा नव्हे तर छापायचा. चित्रकार राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि प्लेगच्या दिवसांत तो मुंबईहून हलून इथे, मळवलीला आला. घरोघरच्या भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी तसबिरी या खेड्यात छापल्या गेल्या. पुढे तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला आणि तिथे मालावर चिकटवायची लेबलंही निघू लागली. 1972 मध्ये आगीत तो जळाला.

शिळाछापाची युक्ती स्वयंपाकघरात कळेल अशी आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. चित्राच्या रेघा पाणी घेत नाहीत, बाकीचा दगड घेतो. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. वर कागद दाबला की चित्र उमटतं. रंगीत तसबिरीला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि प्रत्येक छाप आधीच्या छापावर तंतोतंत बसला पाहिजे. केसभर सरकलं तर देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर. आणि दगडावर थेट लिहायचं तर अक्षर आरशात दिसावं तसं उलटं काढावं लागतं. चित्राखालचं नाव सुलट वाचता यावं म्हणून कारागिराने ते आधी उलटं पाहायला शिकायचं!

या छापखान्याच्या कामात दादासाहेब फाळके होते. त्यांनी लोणावळ्यात स्वतःचं छपाईचं कामही उभं केलं. मग त्यांना चित्रं हलवण्याचा ध्यास लागला आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मूकपट तो, म्हणजे दृश्यांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या. प्रेक्षकाने वाचून संपवेपर्यंतच पाटी पडद्यावर राहणार. किती शब्द, कोणते आणि कुठे, हाच हिशेब तिथेही होता.

निबंध आणि चित्र ही दोन वेगळी दालनं आहेत, असं आपण उगाच धरून चालतो. मराठीत ‘निबंधमाला’ 1874 मध्ये सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर 1878 मध्ये पुण्यात रंगीत चित्रं छापणाऱ्या चित्रशाळेच्या संस्थापकांत होते. इंग्रजी गद्याच्या वाचनातून घडलेल्या या माणसाला वाक्याइतकीच तसबीर महत्त्वाची वाटली होती.

यंदा मुलांना पत्रकासाठी विषय हवा असेल, तर लोहगड आहेच. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. मळवलीला उतरून भाज्यामार्गे चालत जाता येतं. विंचूकाट्याची चिंचोळी सोंड, ओळीने येणारे दरवाजे, खाली पवनेचं पाणी. आधी वहीत सगळं भरभरून लिहावं. मग पट्टीने चौकट आखावी आणि एकेक शब्द खोडत जावं.