पाट्या पडू द्या की!

मालिका संपून पाट्या सुरू झाल्या की घरातली माणसं उठतात. कुणी कुकर लावायला, कुणी रिमोट शोधायला. मी बसून राहतो, कारण माझा कार्यक्रम आता लागणार असतो. कलाकारांपासून स्पॉटबॉयपर्यंत सगळी नावं सरकून गेली की अगदी शेवटी दोन-तीन सेकंद निर्मिती संस्थेचं बोधचिन्ह येतं, बरोबर एखादी धून किंवा घंटानाद. या दोन-तीन सेकंदांचा मला नाद आहे, आणि तो तरुणपणापासूनचा आहे.

यात माझ्या नोकरीचाही वाटा असणार. माझी उमेदीची वर्षं भोसरी एमआयडीसीत, कास्टिंगच्या तपासणीत गेली. माल पास झाला की हातोडीने त्यावर पंच मारायचा. पुढे चाकणच्या एखाद्या लाइनवर तो भाग तडकला, तर माल कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेचा, आणि पास कोणी केला, हे त्या खुणेवरून निघायचं. मालिकेची शेवटची पाटी मला अशा पंचासारखी वाटते: हे आम्ही केलंय, काही बोलायचं असेल तर आम्हाला बोला.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या एका कंपनीने खरोखर पंचच दाखवला. जॅक वेब हा नट आणि निर्माता. ‘ड्रॅगनेट’ ही त्याची पोलिसी मालिका तिथल्या टीव्हीवर १९५१ साली सुरू झाली. त्याच्या कंपनीचं नाव मार्क सेव्हन लिमिटेड. मालिकेच्या शेवटी पडद्यावर फक्त दोन हात दिसतात. एका हातात ठसा, दुसऱ्यात हातोडी. टण्ण, टण्ण असे दोन घाव बसतात, ठसा बाजूला होतो आणि खाली रोमन आकड्यातला सात उमटलेला असतो. नट नाही, नटी नाही, सूर्योदय नाही. इंटरनेटवर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लागोपाठ किती वेळा लावलं कोण जाणे. माझी तक्रार एकच, आणि ती धंद्यातली आहे: दुसरा घाव घालायला नको होता. पंच जरासा हलला तरी ठसा दुहेरी उठतो. आमच्याकडे नव्या पोराला हे पहिल्या दिवशी सांगत.

तिकडच्याच एमटीएम कंपनीने १९७० पासून तिकडच्या सिनेमांच्या सुरुवातीला गर्जणाऱ्या सिंहाच्या जागी मांजरीचं पिल्लू म्याव करताना दाखवलं, आणि मालिकेनुसार त्याला वेष चढवले. पोलिसांच्या मालिकेत त्याच्या डोक्यावर टोपी, इस्पितळाच्या मालिकेत अंगात शस्त्रक्रियेचा झगा. आपल्याकडे असा खट्याळपणा कुणी करत नाही. आपली बोधचिन्हं देवघरातून थेट उठून आल्यासारखी गंभीर असतात.

आता इतिहासाचा रिवाज उरकतो. मराठी माणसाला निर्मिती संस्थेचं चिन्ह म्हटलं की प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री आठवते. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली, विसाव्या वर्षाच्या आसपास तिची घडी विस्कटली आणि १९६० पासून त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लॉ कॉलेज रोडच्या त्या आवारात प्रभातचा जुना स्टुडिओ अजून वापरात आहे. तिथे उभं राहिलं की त्या छताची उंची पाहूनच मान अवघडते. पण तुतारी सुरुवातीला वाजायची, आणि माझा जीव शेवटात अडकलेला.

आमच्या पिढीचं चिन्ह मात्र दूरदर्शनचा डोळा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि आमच्यापर्यंत ते सिंहगडावरच्या मनोऱ्यातून यायचं. निगडी, आकुर्डी, चिंचवडच्या गच्च्यांवरचे सगळे अँटेना दक्षिणेला तोंड करून उभे असत. वारा सुटला किंवा कावळा बसला की चित्रात मुंग्या. मग एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपुढे: “आलं का?” “आलं, आलं! गेलं!” या जुळवाजुळवीला चेहऱ्यांपेक्षा बोधचिन्ह फार कामाचं. त्याच्या वळणदार कडा दुहेरी दिसल्या तर अँटेना अजून चुकलेला, एकेरी दिसल्या तर खाली उतर बाबा.

त्या कडांची कथा अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतली. तिथले शिक्षक विकास सातवळेकर यांनी वर्गाला एक काम दिलं आणि देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने माणसाचा डोळा मनात धरून मधे एक गोल व त्याला दोन्ही बाजूंनी वेढणारे दोन वक्र आकार काढले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून चौदा नमुने झाले, त्यातून इंदिरा गांधींनी हा निवडला. पण कागदावरचं चित्र म्हणजे अर्धीच गोष्ट. ते हलतं केलं आर. एल. मिस्त्री यांनी. संगणक नाही, काही नाही. त्या आकारांच्या प्रती काढायच्या, कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, जराशा फिरवायच्या आणि टिपायच्या; पुन्हा फिरवायच्या, पुन्हा टिपायच्या. एका सेकंदाला दोन डझन चौकटी लागतात, आणि एखादी प्रत केसभर जास्त सरकली तर पडद्यावर झटका बसतो. ज्याने मायक्रोमीटर हातात धरलाय त्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून त्यावर चढली आणि १ एप्रिल १९७६ रोजी, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हा, तो डोळा पडद्यावर फिरला. कुठल्याही हातोडीपेक्षा हे काम थोर, हे मी मार्क सेव्हनचा भक्त असूनही मान्य करतो.

पुढे रंग आले, वाहिन्या वाढल्या, प्रत्येकीने डोळ्याला आपापला साज चढवला. २०१७ मध्ये दूरदर्शनने नव्या बोधचिन्हासाठी स्पर्धा लावली, दहा हजारांवर प्रवेशिका आल्या, आणि डोळा आहे तिथेच आहे. २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या चिन्हाचा लाल रंग भगवा झाला तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत चांगलाच वाद पेटला. एवढं भांडण झालं म्हणजे लोक अजून त्या चिन्हाकडे बघतात.

आमच्या पट्ट्याची स्वतःची शेवटची पाटीही होतीच, फक्त ती जाहिरातीची होती. १९८९ ची ‘हमारा बजाज’. स्कूटर आकुर्डीत बनायची, आणि जाहिरात संपताना नाव आलं की आमच्या चाळीत कुणीतरी हमखास म्हणायचं, “ही आपली!” २००४ मध्ये बजाजने षटकोनी चिन्ह सोडून नवं घेतलं, तेही पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने केलेलं. मला जुनं आवडायचं. षटकोनात नटबोल्टाचा वास होता.

मालिकांच्या बाबतीत आम्ही एकदाच असा हक्क सांगितला. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’च्या पाट्यांत जगदंब क्रिएशन्स हे नाव यायचं आणि मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, तिचे नायक डॉ. अमोल कोल्हे शिरूरचे, म्हणजे भोसरी आणि चाकणचेही, खासदार झाले. त्या दिवसांत पाट्यांपर्यंत बसणारे आमच्या सोसायटीत बरेच निघाले.

एरवी आता पाट्यांचे हाल कुत्रा खात नाही. वाहिन्यांवर त्या पडद्याच्या कोपऱ्यात चेपून पळवतात आणि उरलेल्या जागेत उद्याच्या भागाचं रडं दाखवतात. ओटीटीवर तर पाट्या सुरू होताच पुढच्या भागाची उलटी मोजणी लागते; बोधचिन्ह यायच्या आत नवा भाग सुरू. ज्याने रात्र-रात्र जागून काम केलं त्याचं नाव नाही, आणि ज्याने पैसा घातला त्याची खूणही नाही. आमच्याकडे बिनपंचाचा माल गेटबाहेर सोडत नसत.

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी: बहुतेक ओटीटींच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करण्याची सोय असते. मी ते बंद केलंय. नातू दर आठवड्याला चालू करतो, मी पुन्हा बंद करतो.