हुणसूरच्या नदीचं माहेर: ब्रह्मगिरीच्या चढाईआधी वाचाव्यात अशा ११ भन्नाट गोष्टी

म्हैसूरहून कूर्गकडे निघालेली मराठी मंडळी हुणसूरला चहापुरती थांबतात आणि लगेच गाडी दामटतात. पण गावातून वाहणाऱ्या लक्ष्मणतीर्था नदीकडे जरा लक्ष द्या. तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं वर वर गेलात, तर कर्नाटक-केरळच्या सीमेवरचा ब्रह्मगिरी गाठाल. इरुपू धबधब्यापाशी पायवाट सुरू होते, मध्ये नरिमलेची वनखात्याची चौकी लागते आणि मग माथा. एका बाजूची चाल साधारण नऊ किलोमीटर, तीही वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच. हुणसूर परिसर समजून घ्यायचा असेल, तर या डोंगरासारखा दुसरा गुरू नाही. कसा, ते बघा!

१. कळसूबाईशी बरोबरी, थोडक्यात हुकली!
ब्रह्मगिरीची उंची १६०८ मीटर, आपल्या कळसूबाईची १६४६. फरक अवघा ३८ मीटरचा. कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातलं सर्वोच्च शिखर तडियांडमोळ (१७४८ मीटर) आणि पुष्पगिरी ऊर्फ कुमारपर्वत (१७१२ मीटर) मात्र कळसूबाईला मागे टाकतात. विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे इथे ती धास्ती नाही. गारवा मात्र मिळतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे आठशे मीटरच्या आसपास वसलेल्या हुणसूरपेक्षा माथ्यावर पाचेक अंश कमी.

२. सह्याद्री तोच, दगड वेगळा
महाराष्ट्रातला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोडगूचा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना! म्हणूनच इथे आपल्यासारखे थरावर थर चढलेले कातळकडे आणि सपाट माथे दिसत नाहीत. दिसतात त्या गोलसर, गवतानं मढलेल्या पाठी. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, त्यात ब्रह्मगिरी अभयारण्य आहे आणि आपलं कास, कोयना, चांदोली, राधानगरीही आहे.

३. ब्रह्मगिरी एक नाही, तीन!
त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. कोडगूतच तलकावेरीला दुसरा ब्रह्मगिरी, तिथे कावेरीचा उगम. आणि हा तिसरा, लक्ष्मणतीर्थेचा. तिन्ही नद्या जवळचा अरबी समुद्र सोडून पूर्वेची वाट धरतात आणि त्यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं.

४. बाण मारला लक्ष्मणानं
सीतेच्या शोधात फिरताना रामाला तहान लागली, लक्ष्मणानं ब्रह्मगिरीवर बाण सोडला आणि पाण्याची धार फुटली, अशी इथली कथा. तीच धार आज इरुपूला सुमारे १७० फूट खाली झेपावते. पायथ्याशी रामेश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला भाविक आधी धबधब्याखाली उभे राहतात, मग दर्शनाला जातात. पावसाळ्यात याच धबधब्याचा असा काही दणका असतो की जवळ उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

५. पाऊस दोन वाटांनी जातो, पुन्हा भेटतो
ब्रह्मगिरीच्या कर्नाटकाकडच्या उतारावर पडलेला पाऊस लक्ष्मणतीर्थेतून हुणसूरमार्गे कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणात जातो. केरळकडच्या उतारावरचं, तिरुनेल्ली मंदिराच्या बाजूचं पाणी कबिनीला मिळतं. दोन्ही प्रवाहांच्या मध्ये नागरहोळेचं जंगल पसरलेलं आहे. आणि मग म्हैसूरच्या पलीकडे तिरुमकूडलू नरसीपूरला कबिनी कावेरीत शिरते, तिथे ही पाण्याची भावंडं पुन्हा एकत्र येतात.

६. खडकवासल्याचं नातं
लक्ष्मणतीर्थेचं पाणी ज्या कृष्णराजसागरात साठतं, त्या धरणामागे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची बुद्धी आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसानं पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे घडवले. १९०३ मध्ये ते पहिल्यांदा बसले पुण्याजवळच्या खडकवासल्याला, पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणाला आणि मग इथे. पुणेकरांनो, अभिमान वाटू द्या!

७. गवत आणि राई मिळून पाणी राखतात
वर पोचल्यावर मोकळं गवत आणि घळींमध्ये दाटलेली बुटकी झाडी दिसते. या झाडीला शोला म्हणतात. कुणी झाडं तोडून गवत उगवलेलं नाही, रचनाच ही आहे. गवताच्या मुळांनी धरलेली माती आणि शोलातला पालापाचोळा मिळून स्पंजसारखा पाऊस शोषतात आणि पावसाळा सरल्यावरही झरे हळूहळू सोडत राहतात. उन्हाळ्यात हेच गवत काडी लागताच भडकतं, म्हणून वणव्याच्या दिवसांत वनखातं वाट बंद करतं. त्यावर हुज्जत घालू नये. एका ठिणगीत नदीचा साठा जातो.

८. जळवांवर इलाज हुणसूरच्या शेतातला
पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे वाटेवर जळवा असतात. पानाच्या टोकावर शेपटीकडचं चूषक टेकवून, अंग ताणून जळू हवेत डोलत असते. तुमच्या श्वासाची आणि उबेची चाहूल लागली की ढांगा टाकल्यागत अंगाची कमान करत निघते आणि बुटाच्या नाड्यांच्या भोकातूनही आत सरकते. चावल्याचं कळत नाही, मोजा लाल झाल्यावरच नजर जाते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जळू सुटल्यावरही जखम वाहत राहते. घाबरू नका. नख त्वचेला घासत नेऊन तिचं तोंड सोडवा आणि जखम दाबून धरा. या भागातला जुना उपाय म्हणजे मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावणं. तंबाखूला इथे तोटा नाही, हुणसूर तालुका तंबाखूच्या पिकासाठीच ओळखला जातो.

९. वाटाड्या लीद वाचतो
हा खरा चमत्कार! वाटेत हत्तीची लीद दिसली की आपण फोटो काढतो, वाटाड्या वाकून बसतो. ओली आहे की कवच धरलंय, वाफ येते का, किडे किती जमलेत, बांबूचे धागे ताजे हिरवे की पिवळे पडलेले? खाल्ल्यापैकी निम्मंही हत्तीला पचत नाही, त्यामुळे त्यानं काय खाल्लं हे लिदीत स्पष्ट दिसतं. त्यावरून कळप किती वेळापूर्वी गेला याचा अंदाज बांधला जातो, वारा कुठून येतोय ते पाहिलं जातं आणि मगच पुढचं पाऊल पडतं. या जंगलांचे पिढीजात जाणकार म्हणजे जेनू कुरुब, बेट्ट कुरुब आणि येरव समाज. मध गोळा करण्यात वाकबगार असलेले जेनू कुरुब हत्तींचे माहूत म्हणूनही नावाजलेले आहेत. अशा माणसानं "थांबा" म्हटलं की थांबायचं. त्याच्या एका शब्दात कित्येक पिढ्यांचा अभ्यास असतो.

१०. हत्तींची मोहीम हुणसूरहून निघते
म्हैसूरच्या दसऱ्याला ७५० किलोची सोन्याची अंबारी वाहणारा हत्ती कुठून येतो? दसऱ्याच्या हत्तींचा ताफा हुणसूर तालुक्यातल्या वीरनहोसहळ्ळीहून, नागरहोळेच्या वेशीवरून, पूजा करून म्हैसूरकडे रवाना होतो. या सोहळ्याला गजपयण म्हणतात. पूर्वी हत्ती म्हैसूरपर्यंत चालत जात, आता ट्रकमधून जातात. २०२० मध्ये अंबारीचा मान मिळालेला अभिमन्यू हुणसूर-गोणीकोप्पल रस्त्यावरच्या मत्तीगोडू छावणीतला. इरुपूला जाताना ही छावणी वाटेतच लागते.

११. हुणसूरचे खरे गिर्यारोहक
तालुक्यातल्या गुरुपुरा इथे तिबेटी वसाहत आहे. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांनी हिमालयाच्या खिंडी पायी ओलांडल्या, बर्फातून, दिवसचे दिवस, वाट माहीत असलेल्या माणसाच्या भरवशावर. सरासरी चार हजार मीटरहून उंच पठारावर जन्मलेली ही माणसं आठशे मीटरवर येऊन मका पिकवू लागली. १४३३ मध्ये तिबेटात स्थापन झालेलं ग्युमे तांत्रिक विद्यापीठही आज गुरुपुऱ्यातच आहे. डोंगर चढून परतताना इथे अवश्य जा. डोंगर ओलांडणं हा कुणासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न होता, हे इथे समजतं.

जायचं ठरलं असेल तर...
- पावसाळा ओसरल्यावरचे महिने सर्वांत चांगले. परवानगी आणि नरिमलेला मुक्कामाची सोय त्या हंगामात आहे का, हे वनखात्याकडून आधी पक्कं करा.
- नागरहोळेच्या आतून जाणारा हुणसूर-कुट्टा रस्ता रात्री बंद असतो. वेळ त्या हिशेबानं ठरवा.
- अत्तर, मोठ्यानं गाणी, भडक कपडे घरी ठेवा. हत्तीचं नाक तुमच्याआधी तुम्हाला ओळखतं.
- वाटाड्याचे पैसे घासाघीस न करता द्या.
- कचरा खाली आणा, एकूण एक. माथ्याजवळ ओंजळीनं पिता येणारी हीच लक्ष्मणतीर्था हुणसूरपाशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत नोंदली गेली आहे. गावाचं सांडपाणी हा गावानं सोडवायचा प्रश्न, पण वर टाकलेली बाटली पहिल्या जोरदार पावसात इरुपूवरून हुणसूरच्या दिशेनं निघते. तेवढी तरी आपल्या हातात आहे.